मॉरिशसची निवडणूक समजून घेऊ: तीन फुल्या, चार समाज, आठ जागा

आकडेमोड

मॉरिशसच्या राजकारणाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी ‘पंतप्रधान भारतीय वंशाचे’ या स्टेशनवरच थांबते. त्यापुढे कोणी जात नाही. खरं तर १० लाखांच्या आसपास मतदार असलेल्या या बेटाची निवडणूक पद्धत जगात क्वचित कुठे सापडेल अशी आहे. ती नीट समजली की तिथले पक्ष दर पाच वर्षांनी कोणाच्या तरी गळ्यात गळे का घालतात, याचाही उलगडा होतो. म्हणून हा धागा. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घाला, चुकलं तर दुरुस्त करा.

मुख्य बेटाचे २० मतदारसंघ, प्रत्येकातून ३ खासदार. रॉड्रिग्ज बेट हा २१ वा मतदारसंघ, तिथून २. एकूण ६२ निवडून येणारे. त्यांच्यावर जास्तीत जास्त ८ जागा ‘बेस्ट लूझर’ म्हणजे हरलेल्या उमेदवारांमधून भरतात. म्हणजे संसद फार तर ७० निवडलेल्या-नेमलेल्यांची.

मतदाराच्या हाती एकच मतपत्रिका येते. तिच्यावर उमेदवारांची नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने, समोर पक्षाचं चिन्ह. मुख्य चार पक्षांची चिन्हं अशी: मजूर पक्षाची किल्ली, एमएमएमचं हृदय, एमएसएमचा सूर्य, पीएमएसडीचा कोंबडा. मतदाराने बरोबर तीन फुल्या मारायच्या, रॉड्रिग्जमध्ये दोन. दोनच मारल्या तर मतपत्रिका बाद, चार मारल्या तरी बाद. सर्वाधिक मतांचे पहिले तिघे विजयी.

ऋतुजा_पु

म्हणजे आपल्या महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागासारखंच की.

आकडेमोड

दिसायला तसंच, पण फरक मोठा आहे. आपल्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असतात, प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असते आणि त्यांत आरक्षण असतं. मॉरिशसमध्ये तिन्ही जागांसाठी सगळे उमेदवार एकाच रांगेत उभे. एका पक्षाचे तीन उमेदवार विरोधी पक्षाशी लढतात, तसेच कळत-नकळत एकमेकांशीही. मतपत्रिका अक्षरक्रमाने असल्यामुळे पक्षाची तीन नावं एकाखाली एक येत नाहीत. वीस-पंचवीस नावांत एक वर, एक मध्ये, एक तळाशी. म्हणून प्रचाराचे शेवटचे दिवस तीन नावं मतदाराच्या डोक्यात पक्की बसवण्यात जातात. तिथल्या बोलीत याला ‘ब्लॉक’ मतदान म्हणतात: तिन्ही फुल्या एकाच युतीला. ‘ब्लॉक’ फुटला की पक्षाचा एखादा उमेदवार चौथ्या क्रमांकावर जातो आणि दुसऱ्या पक्षाचा एखादा लोकप्रिय माणूस आत येतो.

वाक्वाकर

बरोबर तीन फुल्यांच्या सक्तीचा एक परिणाम कुणी फारसा बोलत नाही, पण छोट्या पक्षांचं कंबरडं त्यानेच मोडतं. समजा एखाद्याला एकच अपक्ष आवडतो. त्याला नुसती एक फुली मारून बाहेर येता येत नाही, उरलेल्या दोन कुणाला तरी द्याव्याच लागतात. त्या जातात मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना, म्हणजे त्याच अपक्षाच्या प्रतिस्पर्ध्यांना. अपक्षाला मिळालेल्या प्रत्येक मतामागे त्याच्या विरोधातली दोन मतं त्याच मतपत्रिकेवरून पडतात. यावर इलाज एकच: आपले तीन उमेदवार उभे करायचे. पण छोट्या गटाला वीस मतदारसंघांत साठ माणसं आणायची कुठून?

आणखी एक गोष्ट. टक्केवारी वाचताना गल्लत होते. मतं मतदारांच्या तिप्पट असतात. एकाच उमेदवाराला निम्म्या मतपत्रिकांवर फुली असली, तरी एकूण फुल्यांमधला त्याचा वाटा सहाव्या हिश्श्याएवढाच दिसतो. दोन वर्तमानपत्रांत वेगवेगळे आकडे दिसले तर आधी भाजक काय घेतलाय ते बघा.

तळकोकण

आता मूळ प्रश्न. हरलेल्यांना संसदेत बसवायचं, हे कशासाठी?

आकडेमोड

याचं उत्तर १९६८ च्या स्वातंत्र्याआधीच्या भीतीत आहे. ७ ऑगस्ट १९६७ ची निवडणूक म्हणजे स्वातंत्र्यावरचं सार्वमतच होतं. एका बाजूला शिवसागर रामगुलामांचा मजूर पक्ष आणि त्याचे मित्रपक्ष, दुसऱ्या बाजूला गाएताँ द्युवाल यांचा पीएमएसडी, ज्याला ब्रिटनशी जोडून राहायचं होतं. सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधातल्या पक्षाला पडली. स्वतंत्र मॉरिशसमध्ये बहुसंख्य हिंदू आपल्याला गिळतील, ही भीती क्रिओल (आफ्रिकी वंशाच्या), मुस्लिम आणि चिनी समाजांत खरी होती. त्याआधी १९६६ मध्ये बॅनवेल आयोगाने तोडगा काढला होता: राखीव मतदारसंघ नकोत, वेगळ्या मतदारयाद्या नकोत, पण निकालानंतर ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या असतील त्याचे चांगली मतं घेऊन हरलेले उमेदवार आत घ्यायचे. १९६७ मध्ये आठही जागा भरल्या, दोन्ही बाजूंना चार-चार. ३९ विरुद्ध २३ चा निकाल ४३ विरुद्ध २७ झाला. सत्ता कुणाची हे बदललं नाही आणि दुखावलेल्यांना आवाज मिळाला. माझ्या मते त्या घडीला यापेक्षा शहाणा उपाय शक्य नव्हता.

राज्यघटनेनुसार समाज चार: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि ‘जनरल पॉप्युलेशन’. या चौथ्याची व्याख्या नकारात्मक आहे. जीवनपद्धतीवरून पहिल्या तिघांत जो बसत नाही तो चौथ्यात. आफ्रिकी वंशाचे क्रिओल, फ्रेंच वंशाचे गोरे जमीनदार, मिश्र वंशाचे, सगळे एकाच टोपलीत.

ऋतुजा_पु

आणि मराठी कुठे?

आकडेमोड

हिंदूंत. मराठी, तमिळ, तेलुगू, भोजपुरी-हिंदी भाषक, सगळे मिळून घटनेच्या लेखी एकच ‘हिंदू’ समाज.

वाक्वाकर

इथे थोडं थांबूया, कारण आपल्या वाचकांना यातच रस असणार. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून ऊसमळ्यांवर गेलेल्यांचे वंशज तिथे स्वतःला आवर्जून मराठी म्हणवतात. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पण बेस्ट लूझरच्या गणितात ‘मराठी’ हा रकानाच नाही. त्यामुळे मराठी, तमिळ आणि तेलुगू गटांचं प्रतिनिधित्व घटनेवर नाही, पक्षाच्या तिकिटवाटपावर ठरतं. पक्षाचा नेता साठ नावांची यादी करताना मनात दुसरी यादी करत असतो: मराठी किती, तमिळ किती, तेलुगू किती, हिंदी भाषकांत वैश्य किती, रविवेद किती, राजपूत किती. ही वाटणी कुठल्याही कायद्यात नाही, पण ती चुकली की मतदारसंघातली संघटना रुसते. पश्चिमेला सावान आणि ब्लॅक रिव्हरच्या १४ नंबर मतदारसंघात मराठी मतांचा विचार केल्याशिवाय यादी पुरी होत नाही.

भाषा आणि अस्मिता तिथे किती नाजूक आहे याचा एक दाखला. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळ आणि हिंदी मजकुराचा क्रम बदलला, हिंदी वर गेली. तमिळ समाज इतका संतापला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या.

सु_दे

बेस्ट लूझरचं गणित एकदा पायरीपायरीने मांडाल का? पुष्कळ ठिकाणी वाचलं, पण प्रत्येक जण ‘गुंतागुंतीचं आहे’ म्हणून सोडून देतो.

आकडेमोड

गुंतागुंतीचं नाही, फक्त सावकाश करावं लागतं. कागद-पेन घ्या.

पायरी पहिली. प्रत्येक समाजाची लोकसंख्या घ्यायची. कोणत्या जनगणनेची? १९७२ ची! कारण पुढे सांगतो. त्या समाजाचे आतापर्यंत किती खासदार झाले ते मोजायचे, त्यात १ मिळवायचा, आणि लोकसंख्येला त्या बेरजेने भागायचं. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, तो ‘योग्य समाज’. जागा त्याला.

पायरी दुसरी. त्या समाजाचा सर्वांत यशस्वी हरलेला उमेदवार शोधायचा. तो पक्षाचा उमेदवार हवा, अपक्ष चालत नाही. ‘यशस्वी’ म्हणजे एकूण मतं जास्त असं नाही. आपल्या मतदारसंघातल्या वैध मतांत त्याची टक्केवारी किती, हे बघायचं. मतदारसंघ लहानमोठे असल्याने हे आवश्यक आहे. पोर्ट लुईचा ३ नंबर मतदारसंघ २५ हजारांहून कमी मतदारांचा, तर १४ नंबर ६० हजारांच्या पुढे. नुसती मतं मोजली असती तर ३ नंबरमधला माणूस कधीच आत आला नसता.

पायरी तिसरी. जागा दिली की त्या समाजाची संख्या एकने वाढवायची आणि गणित पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा.

उदाहरणासाठी गोल आकडे घेतो, हे खरे नाहीत. समजा लोकसंख्या शंभर: हिंदू ५०, जनरल ३१, मुस्लिम १६, चिनी ३. निवडून आले: हिंदू ३६, जनरल १७, मुस्लिम ८, चिनी १.

हिंदू: ५० भागिले ३७, म्हणजे १.३५. जनरल: ३१ भागिले १८, म्हणजे १.७२. मुस्लिम: १६ भागिले ९, म्हणजे १.७८. चिनी: ३ भागिले २, म्हणजे १.५.

पहिली जागा मुस्लिमांना. त्यांचे झाले ९, आता १६ भागिले १०, म्हणजे १.६. दुसरी जागा जनरलला. त्यांचे १८, ३१ भागिले १९ म्हणजे १.६३. अजूनही तेच पुढे, तिसरीही त्यांनाच. आता ३१ भागिले २०, म्हणजे १.५५. चौथी पुन्हा मुस्लिमांना, कारण १.६ मोठे.

सु_दे

वा, हे समजलं. पण मग उरलेल्या चार?

आकडेमोड

पहिल्या चार जागा देताना पक्ष बघत नाहीत, त्यामुळे त्या बहुधा हरलेल्या पक्षांकडे जातात. हरलेले उमेदवार त्यांच्याकडेच जास्त असतात! पण यामुळे जनतेने दिलेला कौल पातळ होता कामा नये. म्हणून पहिल्या चारांपैकी जितक्या जागा सर्वांत यशस्वी पक्षाबाहेर गेल्या, तितक्या दुसऱ्या चारांतून त्या यशस्वी पक्षाच्या हरलेल्या उमेदवारांना द्यायच्या. शक्यतो योग्य समाजाचा, तसा नसेल तर त्याच पक्षाचा कुठल्याही समाजाचा. पहिले चार समाजाचा तोल सांभाळतात, दुसरे चार पक्षांचा.

आता एक कोडं सोडवा. १९८२ मध्ये एमएमएम आणि पीएसएम (मॉरिशसचा समाजवादी पक्ष) यांच्या युतीने मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा जिंकल्या. १९९५ मध्ये मजूर पक्ष आणि एमएमएमने ६० पैकी ६०. १० नोव्हेंबर २०२४ ला मजूर पक्षाचे नेते नवीन रामगुलाम यांच्या आलियाँस द्यु शाँजमाँने, म्हणजे परिवर्तन आघाडीने, पुन्हा ६० पैकी ६०. या तिन्ही वेळा बेस्ट लूझर आठऐवजी चारच नेमले गेले. का?

ऋतुजा_पु

कारण जिंकलेल्या पक्षाचा हरलेला उमेदवार शिल्लकच नाही! साठच्या साठ निवडून आले.

आकडेमोड

अगदी तेच. रॉड्रिग्जमध्ये या युत्या लढतच नव्हत्या, तिथल्या जागा तिथल्या पक्षांच्या. २०२४ ला तेव्हाचे पंतप्रधान, एमएसएमचे प्रविंद जगन्नाथ यांच्या आघाडीला निवडून आलेला एकही खासदार मिळाला नाही, ते स्वतः ८ नंबरमध्ये पडले. त्यांच्या आघाडीचे जे दोघे संसदेत बसले ते बेस्ट लूझर म्हणून, आणि त्यांच्यातूनच विरोधी पक्षनेता झाला. जी तरतूद समाजांसाठी केली होती तिने इथे विरोधी पक्षालाच जिवंत ठेवलं.

मीरा_के

तुमचं गणित बरोबर असेल, पण तुम्ही ‘शहाणा उपाय’ म्हणून जे मांडताय त्याच्याशी मी सहमत नाही. २०२४ च्या उमेदवाराची गणती १९७२ च्या डोक्यांवर करणं हे शहाणपण कसं? त्या वर्षानंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद केलं. १९८२ च्या सरकारने घटनादुरुस्ती केली, पण हेतू अर्धवट राहिला: जनगणनेतून समाज काढला, उमेदवारी अर्जात तो ठेवला, आणि गणितासाठी १९७२ चे आकडे कायमचे गोठवले. तेव्हापासून तीन पिढ्या मतदार झाल्या. मिश्र विवाहांतून जन्मलेल्या माणसाने कुठल्या रकान्यात खूण करायची?

‘रेझिस्तान्स एक आल्तेर्नातिव’ या डाव्या गटाने हाच प्रश्न लावून धरला. त्यांचे उमेदवार अर्जावर समाज लिहायला नकार देत, अर्ज बाद होत. शेवटी ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले. २०१२ मध्ये समितीने सांगितलं की ताजे आकडे नसताना समाज जाहीर करण्याची सक्ती करणं हा हक्कभंग आहे. त्यावर २०१४ मध्ये सरकारने काय केलं? फक्त त्या एका निवडणुकीपुरता तात्पुरता कायदा: समाज लिहिला नाही तरी अर्ज चालेल, पण मग बेस्ट लूझरसाठी विचार होणार नाही. २०१९ ला पुन्हा जुनं सुरू.

वाक्वाकर

मीराताई, तुमचा राग रास्त आहे. पण बेस्ट लूझर उद्या काढून टाकला तर मुस्लिम आणि क्रिओल वस्त्यांतली प्रतिक्रिया काय असेल, याचाही विचार हवा. मूळ दुखणं वरच्या आठ जागांत नाही, खालच्या साठांत आहे. तीन जागांचा बहुमत-पद्धतीचा मतदारसंघ असला की लाट आली की ३-०, ३-०, ३-० असं होत जातं. ६० टक्क्यांच्या आसपास मतांवर शंभर टक्के जागा. उरलेल्या ४० टक्क्यांचं काय? आधी तो भाग दुरुस्त करा.

मीरा_के

तो दुरुस्त करायचे अहवालही धूळ खात पडलेत. २००२ च्या सॅक्स आयोगाने सांगितलं होतं: ६२ तशाच ठेवा, वर ३० जागा मतांच्या प्रमाणात द्या, किमान १० टक्के मतं घेणाऱ्या पक्षांना. २०११ मध्ये कार्कासोन यांचा अहवाल आला. अंमल कशाचाच नाही. कारण जिंकलेल्याला ही पद्धत सोयीची असते आणि हरलेल्याला वाटतं की पुढच्या वेळी आपण ६०-० करू. घटनेतला हा भाग बदलायला संसदेत तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि ज्याच्याकडे ती असतात त्याला ती याच पद्धतीने दिलेली असतात. गंमत बघा, रॉड्रिग्जच्या स्वतंत्र प्रादेशिक सभेत २००२ पासून प्रमाणशीर जागा आहेत. छोट्या बेटाला जमलं ते मोठ्याला जमत नाही.

तळकोकण

युतीचं सांगा ना. तिथले पक्ष इतक्या वेळा जोड्या बदलतात की नातेसंबंध लक्षातच राहत नाहीत.

आकडेमोड

नाव लक्षात ठेवू नका, गणित लक्षात ठेवा. तीन मोठे पक्ष. मजूर पक्ष, स्थापना १९३६, रंग लाल, रामगुलाम घराणं. एमएमएम, १९६९, जांभळा, पॉल बेरांजे. एमएसएम, १९८३, नारिंगी, जगन्नाथ घराणं, एमएमएममधून फुटून. चौथा पीएमएसडी, निळा, द्युवाल घराणं, मतं कमी पण जोडीला उपयोगी. तिघांपैकी दोघे एकत्र आले की तिसरा झोपतो, हा ढोबळ नियम. म्हणून निवडणुकीआधीचे सहा महिने तिथली वर्तमानपत्रं ‘कोझ-कोझे’ने भरलेली असतात. तिथल्या क्रिओल भाषेत ‘कोझे’ म्हणजे बोलणं, आणि कोझ-कोझे म्हणजे युतीची आतली बोलणी.

बोलणीत तीन गोष्टी ठरतात. पंतप्रधान कोण आणि किती वर्षं, साठ तिकिटांचे भाग, आणि प्रत्येक मतदारसंघात तीनाचे तुकडे कसे. २००० मध्ये एमएसएम आणि एमएमएमने पंतप्रधानपदच वाटून घेतलं: अनिरुद्ध जगन्नाथ तीन वर्षं, मग बेरांजे दोन वर्षं. ३० सप्टेंबर २००३ ला खरोखर बदल झाला आणि बेरांजे देशाचे पहिले बिगरहिंदू पंतप्रधान झाले. २०२४ ची वाटणी अशी होती: मजूर ३५, एमएमएम १९, नवे डेमोक्रॅट ३, रेझिस्तान्स ३. बेरीज ६०.

वाक्वाकर

‘दोघे एकत्र आले की तिसरा झोपतो’ हा नियम २०१४ ला सपशेल पडला, तेही सांगायला हवं. २०१० मध्ये मजूर आणि एमएमएम एकमेकांविरुद्ध लढले होते. २०१४ ला दोघांनी हात मिळवले, तिकिटं ३०-३०. कागदावर बेरीज अजिंक्य. पण त्यांनी जोडीला ‘दुसरं प्रजासत्ताक’ आणलं, म्हणजे जास्त अधिकारांचा, लोकांनी थेट निवडलेला राष्ट्रपती. मतदारांना त्यात दोन नेत्यांनी खुर्च्या वाटून घेतल्याचं दिसलं. निकाल: युतीला १३, अनिरुद्ध जगन्नाथांच्या लेपेप आघाडीला ४७. रामगुलाम स्वतःच्या ५ नंबरमध्ये हरले.

असं का होतं? कारण पक्षाचा कार्यकर्ता म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरचा ‘बाझ’: झेंड्यांच्या माळा, स्पीकर, बाकडी. चाळीस वर्षं लाल बाझवाला जांभळ्या बाझवाल्याशी भांडत आलाय. वरच्यांनी हात मिळवले तरी त्याचा हात तिसऱ्या फुलीपाशी अडखळतो. दोन फुल्या आपल्याला, तिसरी मात्र मित्रपक्षाऐवजी दुसरीकडे. ब्लॉक फुटतो तो इथे.

सु_दे

आणि २०१९? तेव्हा तर कुणाचीच मोठी लाट नव्हती.

आकडेमोड

२०१९ तिरंगी होती. एमएसएमची आघाडी सुमारे ३७ टक्के, मजूर-पीएमएसडी ३२-३३ टक्के, एमएमएम एकटा २० टक्क्यांच्या वर. जागा ३८, १४ आणि ८. रॉड्रिग्जच्या २. आठही बेस्ट लूझर भरले, एकूण ७०. एक तृतीयांशाहून थोड्या जास्त मतांवर स्पष्ट बहुमत. विरोधकांनी २०२४ ला एकत्र येण्यामागे हा धडा होता.

२०२४ ला मात्र आणखी एक घटक होता. ऑक्टोबरमध्ये नेत्यांच्या, पत्रकारांच्या, वकिलांच्या फोन-संभाषणांच्या ध्वनिफिती ‘मिसिए मुस्ताश’ या नावाने बाहेर येऊ लागल्या. १ नोव्हेंबरला सरकारने थेट समाजमाध्यमंच बंद केली, निवडणूक संपेपर्यंत. एका दिवसात निर्णय मागे घ्यावा लागला. ज्यांना ध्वनिफितींशी देणंघेणं नव्हतं त्यांनाही त्या बंदीने जागं केलं.

कलम_वाचक

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो. पक्षाच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा दीड लाख मॉरिशियन रुपये, अपक्षाला अडीच लाख. आकडे १९८९ चे आहेत. आज एका मतदारसंघातल्या झेंडे, बस आणि जेवणावळींचा खर्चही त्यात भागणार नाही. शिवाय मर्यादा उमेदवारावर आहे, पक्षावर नाही. पक्ष कितीही खर्च करू शकतो. २०१९ मध्ये पक्षनिधीचं विधेयक आलं, तीन चतुर्थांश मतं मिळाली नाहीत, बारगळलं.

न्यायालयात मात्र धार आहे. शेवटचं अपील अजूनही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला: २००५ मध्ये ८ नंबरमधून निवडून आलेले आरोग्यमंत्री अशोक जगन्नाथ. निवडणुकीच्या तोंडावर मुस्लिम दफनभूमीसाठी जागा आणि आरोग्य खात्यातल्या नेमणुका यांचा वापर मतांसाठी केला, म्हणून निवड रद्द. २००८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ते कायम केलं आणि २००९ ला पोटनिवडणूक झाली. दुसरा: २०१९ मध्ये प्रविंद जगन्नाथ यांनी वृद्धांच्या मेळाव्यात निवृत्तिवेतन १३,५०० रुपयांपर्यंत नेण्याचं आश्वासन दिलं. प्रतिस्पर्ध्याने त्याला लाच म्हटलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ते अपील फेटाळलं. देशातल्या सगळ्या वृद्धांसाठी जाहीर केलेलं धोरण ही लाच नाही. एका मतदारसंघातल्या ओळखता येणाऱ्या गटाला, सरकारी अधिकार वापरून, ऐन निवडणुकीच्या तोंडावर दिलेली गोष्ट ही लाच. रेघ इथे आहे.

मीरा_के

पक्षांतराचं काय?

कलम_वाचक

आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा त्यांच्याकडे नव्हता. खासदार बाकं बदलतात, जागा जात नाही. तिथे अशांना ‘त्रान्सफ्युज’ म्हणतात. आणखी एक, जे फार कमी जणांना माहीत असतं: १९६७ नंतर थेट १९७६ पर्यंत सार्वत्रिक निवडणूक झालीच नव्हती. १९७० मध्ये पाम्पलमूस-त्रिओले या रामगुलामांच्या बालेकिल्ल्यात नवख्या एमएमएमने पोटनिवडणूक जिंकली, १९७१ मध्ये आणीबाणी आली, निवडणुका पुढे गेल्या. आज संसदेची पाच वर्षांची मुदत बदलायची तर सार्वमतात तीन चतुर्थांश मतदारांचा होकार आणि संसदेत एकमत लागतं. इतकं घट्ट कुलूप घटनेत दुसऱ्या फार कमी कलमांना आहे. पालिकांना मात्र असं संरक्षण नाही: २०१५ नंतर पालिका निवडणूक थेट मे २०२५ मध्ये झाली.

तळकोकण

शेवटचा प्रश्न. कामानिमित्त तिथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदान करता येतं असं ऐकलं. खरं का?

वाक्वाकर

खरं आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक, वय १८ पूर्ण आणि मॉरिशसमध्ये किमान दोन वर्षं वास्तव्य असेल तर नाव मतदारयादीत घेता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे, बांगलादेशही. २०१९ ला बांगलादेशी कामगारांच्या मतांवरून मोठा गदारोळ झाला तो यामुळेच. उलट परदेशात राहणाऱ्या मॉरिशियन नागरिकाला बाहेरून मत देता येत नाही, टपालाने नाही, दूतावासातही नाही.

नोंदणीसाठी वर्षाच्या सुरुवातीला आयोगाची माणसं घरोघर येतात. त्या वेळी घर बंद असेल, पत्ता बदललेला असेल किंवा घरमालकाने भाडेकरूचं नाव सांगितलं नसेल, तर नाव सुटतं. २०१९ ला हजारो लोकांना केंद्रावर गेल्यावर कळलं की आपलं नाव नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर काही करता येत नाही, कारण मतदान होतं ते आधीच पक्क्या झालेल्या यादीवर. म्हणून कच्ची यादी तपासणीसाठी लागते तेव्हाच आपल्या भागाच्या केंद्रावर जाऊन नाव, आडनावाचं स्पेलिंग आणि पत्ता बघून घ्यावा. मराठी आडनावांची तिथली फ्रेंच वळणाची स्पेलिंग वेगळी असतात, त्यामुळे पासपोर्टावरचं जसंच्या तसं उतरलंय ना, हे आधी पाहावं.

तळकोकण

आणि ज्या भारतीयाचं नाव लागलं, त्याला फुल्या किती?

वाक्वाकर

इतरांइतक्याच. बरोबर तीन. रॉड्रिग्जमध्ये असेल तर दोन.